यमुनेचा उतार

लश्करात वाढलेल्या माझ्या पिढीला 'लश्कर' हा पत्त्यातला एक शब्द असतो, एवढंच. ऑटोवाल्याला सांगायचा, पार्सलवर लिहायचा. त्याचा अर्थ सैन्य, आणि आपलं हे अर्धं ग्वाल्हेर दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून वसलंय, हे शाळेत कधीतरी कळतं आणि विसरूनही जातं. दसऱ्याला मात्र थोडी आठवण होते. मांढरेच्या मातेपाशी शमीपूजन होतं, पानं लुटायला झुंबड उडते, घरी येऊन आपण थोरांच्या हातावर सोनं ठेवतो आणि सीमोल्लंघन झालं असं मानतो.

सीमोल्लंघन दसऱ्यालाच का, याचं एक कारण पोथीत मिळेल, दुसरं नदीवर मिळतं. पावसाळ्याचे चार महिने नद्या दुथडी भरून वाहतात, वाटा चिखलात जातात, बैल पुढे पाऊल टाकत नाहीत, दारू भिजते. आश्विनात पाणी ओसरतं आणि उतार मोकळे होतात. उतार म्हणजे नदी जिथे पायी किंवा घोड्यावरून पार करता येते ती जागा. जुन्या पत्रांतली सैन्यं नदी 'उतरतात'. मला हा शब्द 'ओलांडतात'पेक्षा जास्त खरा वाटतो, कारण पाण्यात खरंच उतरावं लागायचं.

पानिपतचा विषय आपल्या घरांत निघाला की वाद ठरलेले. गनिमी कावा का सोडला, सूरजमल का गेला, मल्हाररावांनी काय केलं. माझे बाबा आणि काका यावर तीस वर्षं भांडतायत, चहा थंड होतो पण निकाल लागत नाही. या सगळ्यात नद्यांचं नाव कुणी घेत नाही. मी नोएडात नोकरी करतो, यमुना रोज मेट्रोतून दिसते. गेल्या ऑक्टोबरात दोन शनिवार-रविवार काढून मी आणि माझा आतेभाऊ त्या मोहिमेतले घाट बघून आलो. तो सिव्हिल इंजिनियर, पुलांच्या कामावर असतो. मी संगणकवाला, म्हणजे त्याच्या मते ज्याने आयुष्यात एक वीट ठेवलेली नाही असा. फिरून आल्यावर माझं मत पक्कं झालं: पानिपतची लढाई एका दिवसात झाली, पण तिचा निकाल त्याआधीच्या दीड वर्षात, कोण कुठलं पाणी केव्हा उतरू शकला यावर बराचसा ठरत गेला.

सुरुवात घराजवळूनच केली. मुरैन्याच्या पुढे चंबळ लागते. राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या पुलावरून गाडी ती मिनिटभरात मागे टाकते आणि धौलपूर येतं. आम्ही त्या पुलावर न थांबता अंबाहकडून उसैद घाटाला गेलो, कारण तिथे नदी उतरण्याची जुनी तऱ्हा अजून बघायला मिळते. पलीकडे आग्रा जिल्ह्यातलं पिनाहट. दरवर्षी तिथे पीप्यांचा पूल जोडतात: लोखंडी पोकळ पीपे पाण्यात ओळीने तरंगत ठेवायचे, तारदोरांनी बांधायचे, वर लाकडी फळ्या टाकायच्या. पावसाळा तोंडावर आला की पूल काढून काठावर ठेवतात आणि पाणी उतरलं की पुन्हा जोडतात. आम्ही गेलो तेव्हा पीपे काठावर पालथे पडले होते, एकावर शेळी उभी होती.

आतेभावाला त्या पीप्यांत फार रस. त्याने समजावलं ते असं. तरंगत्या पुलाचा शत्रू वजन नसतो, प्रवाह असतो. प्रत्येक पीपा किंवा नाव प्रवाहाच्या तोंडाकडे नांगरावी लागते. पाणी वाढलं की दोर ताणले जातात, वाहत आलेलं एखादं झाड मधे अडकलं की त्यामागे पाणी तुंबतं आणि एक नाव सुटली की तिच्यामागे ओळ जाते. म्हणून पुराच्या नदीवर नावांचा पूल टिकवणं हे काम नुसत्या हुकमाने होत नाही. त्याला नावा लागतात, नावाडी लागतात, दोर लागतात आणि दोन्ही काठ आपल्या ताब्यात लागतात.

हे प्रकरण दोन हजार वर्षांपूर्वीही असंच होतं. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये सिकंदर झेलमेच्या काठी आला तेव्हा पलीकडे पोरस हत्ती घेऊन उभा होता आणि नदी चढत होती. अ‍ॅरियन या इतिहासकाराने ते सगळं तपशिलाने लिहून ठेवलंय. मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट शौर्याची नाही. सिकंदराने सिंधू नदीवर वापरलेल्या नावा कापून, तुकडे करून गाड्यांवरून झेलमेपर्यंत आणवल्या; लहान नावेचे दोन तुकडे, तीस वल्ह्यांच्या नावेचे तीन. काठावर त्या पुन्हा जोडल्या. शिवाय कातडी पिशव्यांत गवत भरून, शिवून त्यांचे तराफे केले. म्हणजे पलीकडे जायचं साधन त्याने बरोबर आणलं, काठावरच्या कुणाच्या मेहेरबानीवर ठेवलं नाही.

मग त्याने रोज रात्री काठावर घोडेस्वार पळवून आरडाओरडा करायला लावला. पोरस आधी दर वेळी हत्ती घेऊन समोर यायचा, पुढे कंटाळला. हत्तींचं एवढं महत्त्व का, तर घोडे त्यांना बुजतात आणि भर पाण्यात तराफ्यावरून उड्या टाकतात. पोरस गाफील झाल्यावर वादळी पावसाच्या एका रात्री सिकंदर छावणीपासून सुमारे २७ किलोमीटरवर, झाडीने भरलेल्या बेटाआडून पार झाला. तेवढी तयारी करूनही पलीकडचा काठ समजून तो उतरला ते आणखी एक बेटच निघालं! पुढच्या धारेत माणसं छातीइतक्या पाण्यातून गेली, घोड्यांची फक्त डोकी वर होती. पोरसाचा मुलगा रथ घेऊन धावून आला तोवर उशीर झाला होता, आणि रथ चिखलात रुतले.

ती जागा आज पाकिस्तानात, आपल्याला बघायला मिळणं कठीण. पण उसैदच्या काठावर उभं राहून हे सगळं डोळ्यांसमोर आणता येतं.

आता आपल्या शिंद्यांकडे येतो. १७५९ मध्ये दत्ताजी शिंदे अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात होते. गंगा उतरून पूर्वेकडे बिहार-बंगालवर जायचं पेशव्यांच्या मनात होतं. त्यासाठी नावांचा पूल हवा आणि तो बांधून द्यायचं कबूल केलं कुणी, तर नजीबखान रोहिल्याने! नजीबाने आज-उद्या करत पावसाळा घालवला. अखेर दत्ताजींनी त्याला शुक्रतालला वेढलं, तेव्हा गंगा नजीबाच्या पाठीशी होती आणि त्याने स्वतःसाठी मात्र नावांचा पूल बांधला होता. पलीकडून त्याला धान्य येत होतं, माणसं येत होती. तिन्ही बाजूंनी वेढलेला माणूस चौथ्या बाजूने जेवत होता. अब्दाली पंजाबात उतरल्याची बातमी आली आणि डिसेंबरात दत्ताजींना वेढा उठवावा लागला.

शुक्रतालला आम्ही गेलो नाही. आता तो तीर्थाचा गाव आहे, भागवत सप्ताह चालतात, तिथे 'नजीबाचा पूल कुठे होता' विचारत फिरणं बरं दिसलं नसतं. बुराडीला मात्र गेलो.

बुराडी आज दिल्लीच्या उत्तर टोकाची दाट वस्ती आहे. तारांची जाळी, कोचिंगच्या पाट्या, अर्ध्या रस्त्यात उभी ई-रिक्षा. १० जानेवारी १७६०, संक्रांतीच्या दिवशी इथल्या घाटावर दत्ताजी पडले. त्यांच्या तोंडचं ते शेवटचं वाक्य आपल्याला पाठ आहे, पण लढाई कशी झाली ते क्वचित सांगितलं जातं. हिवाळ्यात यमुनेचं पात्र धारांत फुटतं, मधे बेटं उघडी पडतात आणि त्यांवर माणसापेक्षा उंच बोरू-लव्हाळं वाढतं. रोहिले बंदूकवाले त्या झाडीच्या आडून धार उतरत पुढे आले. मराठ्यांची भिस्त भाला-तलवारीवर आणि मोकळ्या मैदानावर. झाडीत घोडा फिरत नाही आणि समोर कोण आहे दिसत नाही. दत्ताजी पडले, पुतण्या जनकोजी जखमी झाला. नदी पार करणाऱ्याला लपायला जागा मिळाली, की काठ सांभाळणाऱ्याचा फायदा संपतो, हे झेलमेसारखं इथेही झालं.

ते लव्हाळं बघायचं असेल तर वझीराबादजवळ यमुना जैवविविधता उद्यान आहे. तिथे ते राखलंय. आत शिरल्यावर दहा पावलांवरचा आतेभाऊ मला दिसेना. पाट्या, हॉर्न, सिग्नेचर ब्रिज, सगळं गेलं. वाऱ्याने पाती घासल्याचा आवाज तेवढा. मला जरा भीतीच वाटली.

दत्ताजींचा सूड आणि अब्दालीचा बंदोबस्त यांसाठी भाऊसाहेब मार्चमध्ये परतूरहून निघाले. हिशेब बघा: दख्खनेतून मार्चमध्ये निघालेली फौज चंबळेला पोचते ती जूनमध्ये. म्हणजे सीमोल्लंघनाच्या बरोब्बर उलट वेळेला. बरोबर इब्राहिमखानाच्या जड तोफा, बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. चंबळ पार झाली, पण पुढची गंभीर नदी, जी एरवी कुणाच्या खिजगणतीत नसते, तिने पुराच्या पाण्यात त्यांना अडकवून ठेवलं. घोडेस्वार पोहून जातो, हत्तीही पोहतो. तोफ पोहत नाही. तिचा गाडा सोडवून नावेवर चढवावा लागतो, पलीकडे पुन्हा जोडावा लागतो, आणि सगळी फौज तेवढा वेळ सगळ्यात हळू तोफेसाठी थांबते. आमच्या कामातही हेच असतं, पण तिथे निदान माणसं बुडत नाहीत.

मूळ बेत खरं तर चांगला होता. अब्दाली अंतर्वेदीत बसलाय, तेव्हा इटाव्याजवळ यमुनेवर नावांचा पूल घालून आत शिरायचं आणि त्याला त्याच्या मित्रांपासून तोडायचं. नावा जमवायचं काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतं. पाऊस लागला, नदी फुगली, नावा हव्या तशा जमल्या नाहीत. गोविंदपंतांना यावरून पुष्कळ बोल लावले जातात. मला ते पूर्ण पटत नाही. उसैदचे पीपे बघितल्यावर तर नाहीच. आज सरकार क्रेन, लोखंडी तार आणि पगारी माणसं घेऊनसुद्धा पावसाळ्यात तो पूल ठेवत नाही. उतारवयातल्या एका मामलेदाराने जुलैतल्या यमुनेवर लाकडी नावांनी तो उभा करावा ही अपेक्षाच जास्त होती. चूक नावांची नव्हती, महिन्याची होती.

पूल झाला नाही म्हणून फौज नदीच्या पश्चिम काठाने वर दिल्लीला गेली. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली घेतली. समोर, शाहदऱ्याच्या बाजूला अब्दाली. मधे भरलेली यमुना. दोघांनाही एकमेकांचे डेरे दिसत असतील, करता काही येत नव्हतं. पाणी उतरायला लागलं तसे भाऊ उत्तरेला निघाले आणि १७ ऑक्टोबरला कर्नालजवळचं कुंजपुरा त्यांनी घेतलं. अब्दालीसाठी साठवलेलं धान्य हाती लागलं. अब्दालीला नदीपलीकडून मदत करता आली नाही. यमुनेने मराठ्यांना त्या दीड वर्षात दिलेली ही एकच मोठी भेट. दसरा कुंजपुऱ्यालाच झाला. तिथून जवळच कुरुक्षेत्र, तेव्हा फौजेचा रोख तिकडे वळला.

आणि खाली बागपतला अब्दाली पाण्यात उतरला.

बागपत दिल्लीपासून चाळीसेक किलोमीटर. लोणीवरून जाणारा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो. गाव यमुनेच्या पूर्व काठाला, पलीकडे हरियाणातलं सोनिपत. हथिनीकुंडच्या बंधाऱ्यावर नदीचं पाणी कालव्यांत वळवतात, त्यामुळे पावसाळा सरल्यावर इथे पात्र रुंद आणि धार बारीक. पहिल्यांदा पाहिल्यावर मला हसूच आलं: हिच्यात बुडले? आतेभाऊ म्हणाला, "कालवे मनातून काढ आणि मग बघ."

काठावर काकडी-भोपळ्याच्या वाफ्यांसाठी वाळू सारखी करणारे एक म्हातारे गृहस्थ भेटले. इकडे वडीलधाऱ्यांना ताऊ म्हणतात. आम्ही विचारलं, "ताऊ, पैदल पार करना हो तो कहाँ से?" त्यांनी आधी आमच्या बुटांकडे बघितलं. मग दाखवलं. जिथे पाणी गुळगुळीत, काळसर दिसतं तिथे खोल. जिथे बारीक सुरकुत्या पडून खळखळतं तिथे खाली वाळूचा पट्टा, तो तिरका जातो, त्याच्यावरूनच तिरकं चालायचं. दोन हात इकडेतिकडे झालं की गळ्यापर्यंत. मग ते जे म्हणाले ते मी मोबाइलमध्ये लिहून घेतलं: यंदाचा रस्ता यंदाच. पुढच्या पुरानंतर वाळू कुठे बसेल ते नदीलाच ठाऊक.

म्हणजे उतार नकाशावर मिळत नाही. दख्खनेतून आलेला कितीही हुशार सरदार असो, पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांत यंदाचा उतार कुठे पडलाय हे त्याला फक्त काठावरचा माणूस सांगू शकतो. आणि १७६० च्या ऑक्टोबरात काठावरची माणसं कुणाची होती? सूरजमल जाट तोवर मराठ्यांपासून दूर झाला होता. नजीबाचा तर अंतर्वेदीत मुलूखच होता.

२५ ऑक्टोबरला अब्दालीची फौज बागपतला उतरू लागली. तिथी मोजली तर कोजागिरी नुकतीच झालेली, रात्री चांदणं भरपूर. त्याने आधी उपास केला, कुराणातली आयत लिहिलेला बाण पाण्यात सोडला अशी कथा आहे. ती खरी असो वा नसो, उतार अरुंद होता, दोन्ही अंगांना खोल पाणी होतं आणि बरीच माणसं वाहून गेली. फौज पार व्हायला दोन दिवस लागले. अर्धी फौज अलीकडे, अर्धी पलीकडे, दारू भिजलेली, घोडे दमलेले, यापेक्षा नाजूक वेळ सैन्याची नसते. मराठ्यांची मुख्य फौज तेव्हा ऐंशी-नव्वद किलोमीटर उत्तरेला होती. घाटावरच्या थोड्याशा चौक्यांनी जे थांबवायचं ते थांबलं नाही.

भाऊ वळून पानिपतला आले तेव्हा चित्र उलटं झालं होतं. अफगाण दक्षिणेला, दिल्लीच्या वाटेवर, मराठे उत्तरेला. घराची वाट शत्रूच्या छावणीतून जात होती. पुढचे अडीच महिने अब्दालीला अंतर्वेदीतून यमुना उतरून धान्य येत राहिलं. ते तोडायला गेलेले गोविंदपंत डिसेंबरात मारले गेले. मराठ्यांच्या तळावर उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ ला जे झालं ते आपल्याला माहीत आहे.

सूरजमलने मोहिमेच्या सुरुवातीला एक सल्ला दिला होता. बायकामुलं, बुणगे, जड सामान चंबळेच्या मागे ग्वाल्हेर-झाशीकडे ठेवा, नाहीतर माझ्या किल्ल्यांत ठेवा, आणि मोकळे होऊन लढा. तो मानला गेला नाही. लढाईनंतर जे वाचले ते त्याच्याच मुलखातून आले. त्याने त्यांना अन्न दिलं, कपडे दिले, वाटेला माणसं दिली. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई त्या लोकांत होत्या. ती सगळी मंडळी पोचली ती ग्वाल्हेरला. माघाच्या सुमाराला चंबळेचं पाणी खाली गेलेलं असतं. उतार सहज मिळाला असेल.